स्वस्त गिटारीची पारख

नाताळाची सुटी संपून शाळा भरली, म्हणजे दरवर्षीं चार-दोन विद्यार्थ्यांच्या खांद्यांवर नवी कोरी गिटार दिसूं लागते. मधल्या सुटींत तिच्याभोंवतीं घोळका जमतो, जो तो तारांवरून एकदां बोट फिरवून पाहतो, आणि मालकाच्या मुखावर धन्यता ओसंडत असते. परंतु गुढीपाडवा येईतों त्यांतील बहुतेक वाद्यें घरच्या खुंटीला लागलेलीं असतात. कारण विचारावें तर उत्तर ठराविक मिळतें: "मला तें जमत नाहीं, माझ्या हातांत कलाच नाहीं." आमचें नम्र मत असें आहे कीं, यांपैकीं पुष्कळांच्या हातांत कला असते, दोष असतो तो त्यांच्या हातीं आलेल्या वाद्यांत. हा दोष पैसे मोजण्यापूर्वीं, दुकानांतच ओळखतां येण्यासारखा असतो. म्हणून त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

तीन हजारांपासून दहा हजार रुपयांपर्यंत मिळणारी गिटार बहुधा प्लायवुडाची असते. लाकडाचे पातळ पापुद्रे, एकाच्या रेषा उभ्या तर दुसऱ्याच्या आडव्या, असे एकावर एक चिकटवून ही फळी करितात. अखंड लाकडाची गिटार करावयाची तर सरळ रेषांचें व नीट वाळविलेलें लाकूड लागतें, आणि तें महाग पडतें. यावरून लोकांचे दोन पक्ष पडले आहेत. एक पक्ष प्लायवुडाचें नांव ऐकतांच नाक मुरडून म्हणतो, "ती गिटार नव्हे, खोकें आहे!" दुसरा पक्ष रोगणाची चकाकी पाहून व विक्रेत्याच्या तोंडून परदेशी लाकडाचें नांव ऐकून भुलतो. आमच्या मतें दोन्ही पक्ष एकच चूक करितात. ते लाकडाची परीक्षा करितात, वाद्याची करीत नाहींत.

नुसत्या लाकडाच्या नांवावरून वाद्याची योग्यता ठरत नाहीं, याला इतिहासाचा आधार आहे. आजच्या गिटारीला तिचें रूप देणारा स्पेनमधील थोर कारागीर आंतोनिओ दे तोर्रेस (१८१७–१८९२) यानें १८६२ सालीं एक विलक्षण गिटार घडविली. तिची तबली, म्हणजे वरची फळी, लाकडाची होती. परंतु पाठ व कडा चक्क पुठ्ठ्याच्या होत्या. आवाज मुख्यतः तबलींतून निघतो, हें त्याला सिद्ध करावयाचें होतें. ती गिटार बार्सिलोना येथील संगीत-संग्रहालयांत आहे. पुढें १९३२ सालापासून पॅरिसच्या सेल्मर कारखान्यांत माक्काफेर्री याच्या योजनेप्रमाणें ज्या गिटारी होऊं लागल्या, त्यांच्या पाठी व कडा पापुद्रे चिकटवून केलेल्या असत. आणि जँगो राइनहार्ट याच्यासारख्या असामान्य वादकानें त्याच वाद्यावर आपली कीर्ति मिळविली. अगदीं अलीकडे, २०१८ सालीं, इंग्लंडांतील लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. पाठ व कडा यांचें लाकूड तेवढें निराळें, बाकी सर्व एकसारखें, अशा सहा गिटारी ५२ वादकांना अंधुक उजेडांत काळे चष्मे घालून वाजवावयास दिल्या. महाग आणि स्वस्त लाकूड यांत त्यांना म्हणण्यासारखा फरक करितां आला नाहीं.

हीं उदाहरणें पाठीचीं व कडांचीं झालीं. तबलीची गोष्ट निराळी आहे, हें आम्ही प्रांजळपणें कबूल करितों. चिकटविलेली तबली अखंड तबलीइतकी मोकळेपणानें कंप पावत नाहीं. तिचा आवाज कांहींसा लहान आणि बंदिस्त असतो. तरीही जपानच्या यामाहा कारखान्यानें १९६६ सालीं काढलेली 'एफजी १८०' नांवाची गिटार प्लायवुडाच्या तबलीची असून आजही जाणकार ती शोधीत फिरतात. शिवाय आपल्या हवेचाही विचार केला पाहिजे. आषाढ-श्रावणांत मुंबई-कोंकणाकडे हवा इतकी दमट होते कीं दारें चौकटींत अडकतात. उलट वैशाखांत देशावर लाकूड वाळून तडकतें. अखंड तबलीस या फेऱ्यांत फार जपावें लागतें. आडव्या-उभ्या थरांचें प्लायवुड मात्र हा जाच मुकाट्यानें सोसतें. शाळकरी मुलाच्या वाद्यास हा गुण लहान नव्हे.

तर मग परीक्षा कशाची करावी? वाद्याचे गुण दोन: एक माधुर्य आणि दुसरा खरेपणा. माधुर्याला पैसे पडतात. तें थोडक्या किंमतींत थोडकेंच मिळणार, आणि त्याबद्दल तक्रार करूं नये. खरेपणा मात्र स्वस्त वाद्यांतही असलाच पाहिजे. कारण तो लाकडापेक्षां मोजमापावर आणि कारागिराच्या हातावर अवलंबून असतो. ६५० मिलिमीटर लांबीच्या तारेचा बारावा पडदा बरोबर ३२५ मिलिमीटरांवर असावा लागतो. तेथें बोट नुसतें टेकवून तार छेडावी, मग तीच तार त्याच पडद्यावर दाबून छेडावी. दोन्ही स्वर एकच निघाले, तर वाद्य खरें बोलतें. ते भिन्न निघाले, तर कितीही खुंट्या पिळल्या तरी तें वाद्य एका पडद्यावर सुरांत आणि दुसऱ्यावर बेसूर राहणार. अशा वाद्यावर शिकणाऱ्या मुलाचा कान बिघडतो, ही हानि पैशाच्या हानीहून मोठी आहे. शिवाय गिटार बहुधा एकटी वाजत नाहीं. गोव्यांत मांडो गातांना ती व्हायोलिन व घुमट यांच्या सोबतीस असते. आमच्या उपासनेंत ती गायनमंडळास साथ करिते. साथीदारच खोटा निघाला, तर गाणाऱ्यांनीं कोणाकडे पाहावें?

दुसरी परीक्षा बोटांची. बाराव्या पडद्यापाशीं तार पडद्यापासून किती उंच आहे, तें पाहावें. लोखंडी तारांच्या गिटारीस दोन ते अडीच मिलिमीटर उंची पुरे. साडेतीनच्या वर गेली, कीं नवशिक्याच्या बोटांस तें दिव्य होतें. मग डोळा लावून दांडी पाहावी. ती किंचित् आंत वाकलेली असल्यास चिंता नाहीं, परंतु पिळलेली नसावी. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर दाबून कोठें खरखर होते काय, तें ऐकावें. घोडीच्या मागच्या कडेखालीं कागद सरकत असेल, तर ती उचलूं लागली आहे असें समजावें. सहा तारांचा मिळून सुमारें ७० किलोचा ताण असतो, आणि तो कच्च्या जोडास दया दाखवीत नाहीं.

यांतील कोणता दोष सुधारतां येतो आणि कोणता येत नाहीं, हें जाणणें हीच खरी पारख होय. दांडीच्या पोटांत सळई असेल, तर थोडा बांक किल्लीनें काढतां येतो. जुन्या तारा बदलतां येतात. तारांची उंचीही कमी करितां येते. परंतु पिळलेली दांडी, चुकीच्या जागीं बसविलेले पडदे व उचललेली घोडी यांवर स्वस्त गिटारीच्या किंमतींत इलाज नाहीं. असें वाद्य फुकट मिळालें तरी महाग.

आमच्या पाहण्यांतील एका विद्यार्थ्यानें तीन आठवड्यांत गिटार सोडली होती. बोटांच्या टोकांना फोड आले होते आणि तीन बोटांचा साधा मेळही वाजत नव्हता. एका वडील गृहस्थांनीं मोजून पाहिलें, तों बाराव्या पडद्यापाशीं तारा चार मिलिमीटर उंच! त्यांनीं तारा सैल करून घोडीवरील हाडाची पट्टी काढली, तिचा तळ सपाट राहील अशा बेतानें काचकागदावर दोन मिलिमीटर घांसला, आणि ती पुन्हां बसविली. पट्टी दोन मिलिमीटर झिजली कीं बाराव्या पडद्यापाशीं तार एक मिलिमीटर उतरते. एवढ्यानें तो मुलगा पुन्हां बसूं लागला, आणि पुढल्या नाताळांत गायनमंडळाच्या साथीस उभा राहिला. काचकागदाच्या एका तुकड्यानें जें झालें, तें न होतें तर "माझ्या हातांत कला नाहीं" हा खोटा निकाल त्यानें जन्मभर खरा मानला असता.

कोणी म्हणतील, "त्यापेक्षां एकदांच चांगली महाग गिटार घ्यावी." ज्यांना परवडतें त्यांनीं अवश्य घ्यावी. परंतु ज्या घरांत मुलाची फी भरतांना विचार करावा लागतो, त्या घरास हा उपदेश म्हणजे "संगीत तुमच्यासाठीं नाहीं" असें सभ्य भाषेंत सांगणें होय. अशा घरांचें वाद्य प्लायवुडाचेंच असणार, आणि त्यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं. लाज असेल तर प्लायवुड अखंड लाकूड म्हणून विकणाऱ्यास असावी. तबलीच्या गोल भोकाची कड पाहिली, कीं ही लबाडी बहुधा उघडी पडते: वरच्या रेषा कडेवरून तशाच खालीं उतरल्या तर लाकूड अखंड, थर दिसले तर प्लायवुड, आणि कड रंगानें झांकलेली असली तर स्पष्ट विचारावें.

आमची पालकांस एवढीच विनंती आहे कीं, गिटार घेतांना वाजविणाऱ्या एखाद्या माणसास बरोबर न्यावें, आणि चकाकी पाहण्याआधीं बारावा पडदा पाहावा. आणि ज्यांच्या घरीं आज एखादी गिटार खुंटीला लागली असेल, त्या विद्यार्थिमित्रांस सांगणें हें कीं, स्वतःस दोष देण्यापूर्वीं ती एकदां खालीं काढा व तारांची उंची मोजून पाहा. कदाचित् तुमच्या हातांत कांहींच उणें नसेल.