प्रतिकृतीची कैफियत

गेल्या पावसाळ्यांत माझे एक विद्वान स्नेही सहज म्हणून घरीं आले. टेबलावर एका जुन्या इंग्रजी मोटारीची सुमारें सव्वा फूट लांबीची प्रतिकृति अर्धवट जुळवून ठेवलेली होती. भोंवतीं कुंचले, कानशी, चिमटे आणि रंगाच्या चिमुकल्या डब्या यांचा पसारा. "चिरंजिवांचा उद्योग दिसतो," ते कौतुकानें म्हणाले. "नाहीं, माझा," मीं सांगितलें. लग्नघरीं कोणी नको तें बोलून जावें आणि सर्वांनीं एकदम पानाच्या तबकाकडे पाहूं लागावें, तशी शांतता त्यानंतर पसरली. चहा आल्यावर मात्र स्नेह्यांच्या वाणीला धार चढली आणि त्यांनीं माझ्यावर तीन आरोप ठेवले. पहिला, हा पोरखेळ आहे. दुसरा, ही नक्कल आहे. हिच्यांत प्रतिभेला कांहीं काम नाहीं. तिसरा, ही परक्या धनिकांच्या विलासाची पूजा आहे.

हे आरोप त्यांच्या एकट्याचे असते तर मीं ते चहाबरोबर गिळून टाकले असते. पण आपल्या सबंध सुशिक्षित वर्गाचें मत याहून निराळें नाहीं. म्हणून त्यांस जाहीर उत्तर देणें प्राप्त आहे. आणि उत्तर देतांना केवळ बचाव करून थांबण्याचा माझा विचार नाहीं.

प्रथम वादविषय झालेली वस्तु कोणती तें सांगतों. बेंटले कंपनीची साडेचार लिटरची, 'ब्लोअर' या टोपणनांवानें प्रसिद्ध झालेली ही मोटार. इंजिनाचे सिलिंडर चार. प्रत्येकाचा व्यास 100 मिलिमीटर आणि दट्ट्याची धांव 140 मिलिमीटर. मुळांत हें इंजिन सुमारें 110 अश्वशक्तीचें. शर्यतीला तें अपुरें पडतें असें टिम बर्किन या शर्यतबहाद्दराला वाटलें आणि इंजिनांत इंधनमिश्रित हवा दाबून भरणारें 'सुपरचार्जर' नांवाचें यंत्र त्याला जोडावें असा त्यानें हट्ट धरला. कंपनीचे संस्थापक डब्ल्यू. ओ. बेंटले यांना हा प्रकार मुळींच पसंत नव्हता. अधिक शक्ति हवी असेल तर इंजिनच मोठें करावें, असें त्यांचें मत. तथापि डोरोथी पॅजेट या धनिक बाईनें बर्किनच्या गाड्यांना पैसा पुरविला, ॲम्हर्स्ट व्हिलियर्स यानें यंत्र रचलें, आणि शर्यतीच्या पांच धरून एकंदर 55 गाड्या तयार झाल्या. 1930 सालच्या ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतींत बर्किननें कॅराचोलाच्या मर्सिडीझला ओलांडलें खरें, पण धांवलेल्या दोन्ही ब्लोअर गाड्या शेवटपर्यंत टिकल्या नाहींत. शर्यत जिंकली ती बेंटलेच्याच, सुपरचार्जर नसलेल्या व मोठ्या इंजिनाच्या 'स्पीड सिक्स'नें. या ब्लोअर गाडीच्या एकबारांश आकाराच्या सुट्या भागांची पेटी एअरफिक्स या इंग्रजी कंपनीनें 1971 सालीं काढली. माझ्या टेबलावर होती ती हीच.

आतां पोरखेळाचा आरोप. हा शब्द शिवी म्हणून वापरणाऱ्यांनीं पोरांचा खेळ कधीं लक्ष देऊन पाहिलेला नसतो. अमेरिकेंत जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी या शाखेनें 1930 सालीं मुलांसाठीं एक कारागीर-संघ काढला. आरंभीं नेपोलियनच्या थाटाच्या एका राजशाही घोडागाडीची प्रतिकृति करावी लागे. 1937 पासून स्वतः कल्पिलेल्या मोटारीचीही करतां येऊं लागली. बक्षीस म्हणून महाविद्यालयीन शिक्षणासाठीं शिष्यवृत्त्या मिळत. 1947 सालीं अशी शिष्यवृत्ति मिळविणारा चक जॉर्डन पुढें त्याच जनरल मोटर्सच्या आकृतिरचना-विभागाचा प्रमुख झाला. खुद्द एअरफिक्सचा प्रतिकृतींच्या धंद्यांतील प्रवेशही पोरांसाठीं झालेला नाहीं. 1949 च्या सुमारास तिनें केलेला फर्ग्युसन ट्रॅक्टर हा त्या कंपनीच्या विक्री-प्रतिनिधींसाठीं होता. यंत्र समजावून द्यावयाचें तर वर्णनापेक्षां प्रतिकृति बरी, हें त्या व्यवहारी लोकांना कळलें होतें.

शिवाय या खेळाला जें गणित लागतें तें पोरवयाचें नव्हे. एकबारांश म्हटलें कीं लांबी बारानें भागावी, इतकें कोणालाही समजतें. परंतु घनफळ त्याच वेळीं 1728 नें भागलें जातें, हें ध्यानांत येण्यास हात कामाला लावावे लागतात. माझ्या कुंचल्यानें रंगाचा थर एकदशांश मिलिमीटर जाड बसला, तर मूळ गाडीच्या मापानें तो 1.2 मिलिमीटरचा लेप होतो. मग रिव्हेटांचीं डोकीं बुजतात, दाराच्या फटी भरून जातात, आणि गाडी गुळाच्या पाकांत बुडवून काढल्यासारखी दिसूं लागते. मूळचा सहा मिलिमीटरचा रिव्हेट येथें अर्धा मिलिमीटरच उरलेला असतो. त्याला जिवंत ठेवावयाचें तर रंग पातळ करावा, थर वाळूं द्यावा, ओल्या पॉलिश पेपरनें हलक्या हातानें घासावा आणि पुन्हां पहिल्यापासून आरंभ करावा. ज्यांना असा धीर पोरांत आढळला असेल त्यांनीं तीं पोरें आमच्या महाविद्यालयांत अवश्य पाठवावीं.

दुसरा आरोप नकलेचा. हाच मला खरा महत्त्वाचा वाटतो. त्याचें उत्तर देण्यासाठीं मला माझाच एक अपराध कबूल केला पाहिजे. इंग्लंडच्या शर्यतगाड्यांचा ठराविक रंग हिरवा. तो मीं गाडीच्या सर्वांगास दिला. तीन थर, मध्यें घासणें, वर चकचकीत रोगण. खिडकीची चौकट तींत उमटूं लागली. येणारा-जाणारा तोंड भरून स्तुति करी, आणि ती मला गोड लागे हें मी नाकारीत नाहीं. पुढें आसनांचा रंग ठरविण्यासाठीं जुनीं छायाचित्रें पाहतांना एक गोष्ट खटकूं लागली. इंजिनावरील बॉनेटवर आकाशाचें प्रतिबिंब स्पष्ट पडलेलें असे. पण तेथून दोन विती मागें, दारावर आणि पाठीवर तें नसे. एका छायाचित्रांत हें पाहून मीं उन्हाला दोष दिला. पांचव्या छायाचित्रानंतर दोष कोणाचा हें उघड झालें. बॉनेट पत्र्याचें होतें. मागील अंग पत्र्याचें नव्हतेंच! व्हँडन प्लास या गाडीबांधणाऱ्यांनीं तें ॲशच्या लाकडी चौकटीवर रेक्झिनच्या जातीचें कापड ताणून केलेलें होतें. वजन कमी राहावें आणि धांवतांना लवणाऱ्या सांगाड्याबरोबर अंगही थोडें लवावें, कुरकुरूं नये, हा अशा बांधणींतील हेतु. कापडाला मंद तुकतुकी असते. आरसा कधींच नसतो.

म्हणजे माझी गाडी सुंदर होती आणि खोटी होती. पंधरा दिवस मीं ती तशीच राहूं दिली. "अहो, एवढी सुरेख झाली आहे, आतां कशाला खरवडतां? कोणाला कळणार आहे?" असें घरांतूनही सांगणें झालें. कोणालाही कळणार नव्हतें हें अक्षरशः खरें होतें, आणि तेंच मला बोंचत होतें. अखेर एका रविवारीं मीं मागील सर्व अंग घासून काढलें आणि पातळ रंगांत मंद रोगण मिसळून तें नव्यानें रंगविलें. बॉनेट तेवढें चकाकतें राहिलें. त्यानंतर गाडीची स्तुति कोणी केली नाहीं. "मागचा रंग उडाला वाटतें?" असें मात्र दोघांनीं विचारलें.

नक्कल आणि प्रतिकृति यांतील भेद मला त्या पंधरा दिवसांत कळला. नक्कल डोळ्यांना दिसतें तेवढें उचलते. तें तसें कां दिसतें हा प्रश्न प्रतिकृति विचारते. तेल कोठून उडालें असेल, धूळ कोठें बसली असेल, पितळ कोठें हात लागून उजळलें असेल, हें ठरवितांना ही गाडी शर्यतीच्या कोणत्या घटकेची आहे असा प्रश्न उभा राहतो. दुपारीं चार वाजतां सुटण्याच्या क्षणीं गाडी स्वच्छ असली पाहिजे. मध्यरात्रीची असेल तर दिव्यांवरील तारेच्या जाळ्यांना धुळीचा थर हवा; पण चालकाचा हात जेथें सतत पडतो तेथें तो असतां कामा नये. सर्वत्र सारखा मळ फांसणारा, सर्वत्र सारखी चकाकी देणाऱ्याइतकाच अप्रामाणिक होय. हें सर्व म्हणजे वाचन आहे. पुस्तकाचें नव्हे, वस्तूचें. हल्लींचें एक उदाहरण देतों. बेंटले कंपनीनें 2019 सालीं या जुन्या ब्लोअरच्या बारा नव्या गाड्या बांधण्याचें जाहीर केलें. त्यासाठीं तिनें काय केलें? स्वतःजवळची शर्यतीची जुनी गाडी सुटी केली आणि भागन् भाग लेसर-किरणांनीं मोजून काढला. ज्यांनीं ती वस्तु निर्माण केली त्यांनाच पुढें प्रतिकृतिकार व्हावें लागलें. तिला पोरखेळ किंवा नक्कल कोणी म्हटल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं. बहुधा किंमत मोठी होती म्हणून!

प्रतिभेचे कैवारी यावर म्हणतील कीं, हें ठीक. पण यांत नवें काय निर्माण झालें? मी त्यांना आपल्याच घरांतील एक गोष्ट आठवून देतों. शके 1506 मध्यें एकनाथांनीं ज्ञानेश्वरीची पोथी शुद्ध केली. नाथांना प्रतिभेची वाण होती असें कोणी म्हणणार नाहीं. तरीही हा महाकवि दुसऱ्याच्या ग्रंथापुढें बसला, अशुद्ध पाठ निवडून काढूं लागला, आणि त्यांत पुढें कोणीं स्वतःची ओंवी घुसडूं नये असें बजावून गेला. मूळ जसें होतें तसें राखण्यासाठीं स्वतःची ओंवी आवरावी लागते, आणि ती आवरण्याचें बळ ज्याला स्वतःची ओंवी आहे त्यालाच असतें. आमच्या मासिकांतून आणि वर्गांतून आम्ही मात्र विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून 'स्वतंत्र विचार मांडा' असें सांगतों, आणि कवितेंत प्रत्यक्ष काय लिहिलें आहे हें तो न वाचतां सांगूं लागला कीं त्याला हुशार म्हणतों. ही चकाकीचीच पूजा आहे. तीस वर्षें मीही ती केली, हें येथें नमूद करतों.

तिसऱ्या आरोपांत थोडें तथ्य आहे. ब्लोअर ही सामान्य माणसाची गाडी कधींच नव्हती. आणि अशी पेटी घेण्याजोगा पैसा व फुरसत फार थोड्या घरांत असते, हें मी मान्य करतों. तयार प्रतिकृति विकत आणून कांचेच्या कपाटांत मांडणाऱ्यांचा कैवार तर मला मुळींच घ्यावयाचा नाहीं. त्यांस माझ्या स्नेह्यांनीं हवें तें म्हणावें. परंतु ही गाडी जुळविणाऱ्याच्या हातीं जें लागतें तें धनिकांचें वैभव नव्हे. सुपरचार्जर बॉनेटखालीं न मावतां रेडिएटरच्या पुढें, उघड्यावर बसविलेला आहे. तो भाग जोडतांना संस्थापकाचा नकार आणि शर्यतबहाद्दराचा हट्ट बोटांखालीं येतो. ज्या इंजिनाच्या मूळ कल्पनेंत या यंत्राला जागाच नव्हती, त्याच्या तोंडावर तें आणून बांधलें आहे! वैभवाचें म्हणाल तर बेंटले कंपनीचें दिवाळें 1931 सालींच वाजलें आणि ती रोल्स-रॉइसच्या पदरीं गेली. अशा वस्तूंत मला विलासापेक्षां माणसांचा वाद, चूक आणि धाडस हींच अधिक दिसतात. हीं परकीं म्हणून त्याज्य असतील तर शेक्सपिअरही त्याज्य ठरेल, आणि माझ्या स्नेह्यांची नोकरी जाईल.

आतां उलट आरोप माझा. आपल्या पांढरपेशा घरांत हातानें करण्याच्या कामाला एकच वय नेमून दिलेलें आहे. दिवाळी आली कीं अंगणांत मातीचा किल्ला होतो. माथ्यावर महाराज, पायथ्याशीं मावळे, उतारावर अळीव. मुलाचें कौतुक होतें. पण हा किल्ला राजगडाचा कीं तोरण्याचा, त्याला माच्या किती, दरवाजा कोणत्या दिशेला, असें त्याला आपल्यापैकीं किती जणांनीं विचारलें आहे? आणि मुलगा बारा-तेरा वर्षांचा झाला कीं 'आतां अभ्यासाला लागा' म्हणून आपण त्याचे हात धुऊन टाकतों. ते हात पुन्हां मातीला लागत नाहींत. पुढें तो इंजिनियर होतो आणि यंत्र कागदावर ओळखतो. टीकाकार होतो आणि पुस्तक प्रस्तावनेवरून ओळखतो. वस्तूशीं झगडून आपली चूक वस्तूकडूनच ऐकण्याची संवय त्याला लागलेली नसते. माणसांकडून ऐकलेली चूक वाद घालून टाळतां येते. न बसणारा भाग कोणताही युक्तिवाद ऐकत नाहीं.

माझे स्नेही परवां पुन्हां आले होते. गाडी आतां पुरी झाली आहे. त्यांनीं तिच्याकडे पाहिलें आणि बॉनेट चकाकतें व मागचें अंग मंद कां, असें विचारलें. मीं कारण सांगितलें. त्यांनीं चष्मा पुसला, टेबलाशीं वांकून बराच वेळ पाहिलें, आणि त्या दिवशीं पोरखेळाचा शब्द काढला नाहीं. खटला निकालांत निघाला असें मी म्हणत नाहीं; पण निदान प्रतिवादीची वस्तु न्यायाधीशांनीं एकदां नीट पाहिली, आणि मला एवढेंच हवें होतें.