घरोघरी : कपाटामागची गिटार आणि भाजलेला बटाटा

मैत्रिणींनो, वाकोल्याहून एका भगिनीचं लांबलचक पत्र आलंय. दहावीनंतर मुलाला हौसेनं इलेक्ट्रिक गिटार घेऊन दिली, स्वस्तातली. दोन महिन्यांत ती कपाटामागे गेली. बोटं दुखतात, सूर लागत नाही आणि वर सारखा घूं घूं आवाज. मुलगा म्हणतो, ‘चांगली महागातली घ्या.’ यजमान म्हणतात, ‘विका ती, नाद पुरे झाला.’ बाईंना दोन्ही पटत नाही. शिवाय ताजा कलम : शनिवारी मुलाचे मित्र येतात, त्यांना भाजलेला बटाटा हवा असतो. उकडलेला चालत नाही!

मला विचाराल तर विकूही नका आणि नवीही घेऊ नका. स्वस्त गिटारीचं लाकूड बहुधा बरं असतं. कारखान्यात वेळ वाचवतात तो शेवटच्या हातात. तारा जुन्या, त्या दांडीपासून उंच, पडद्यांच्या कडा बोचऱ्या. असं वाद्य हातात दिलं की पोराला वाटतं, आपल्यालाच जमत नाही. ते एकदा मनात बसलं की पुढे कितीही महागडी आणा, हात लागायचा नाही.

नादाचं म्हणाल, तर यजमानांना आठवण करून द्या. १९७१च्या ‘हरे रामा हरे कृष्णा’तली गिटार त्यांनीही कधीतरी गुणगुणली असेलच. ती वाजवली होती गायक भूपिंदर सिंग यांनी आणि संगीत होतं राहुलदेव बर्मन यांचं. बर्मन राहायचे कुठे? तुमच्या स्टेशनाच्या पलीकडे, सांताक्रूझ पश्चिमेला. वाकोला-कलिन्यात तर गोवेकर आणि ईस्ट इंडियन घरांतून गिटार नवी नाही. शेजारीपाजारी चौकशी करा, गिटार लावून देणारा जाणकार माणूस सापडेल.

आधी तारा बदला. काही शे रुपयांचं काम. पहिली तार नऊ नंबरची, म्हणजे इंचाच्या नऊ हजारांश जाडीची असते तो संच मागा. बोटांना हलका जातो. तारा एकेक करून बदलाव्यात, सगळ्या एकदम काढू नयेत, म्हणजे दांडीवरचा ताण बिघडत नाही. मग जाणकाराकडून उंची लावून घ्या. बाराव्या पडद्यापाशी जाड तारेखाली साधारण दोन मिलिमीटर आणि बारीक तारेखाली दीड मिलिमीटर मोकळं असलं की पुरे. दांडीच्या आत एक लोखंडी सळई असते. ती पाव-पाव फेऱ्यानं फिरवायची असते, जोर लावला तर दांडी कामातून जाते. म्हणून ते मुलाला घरी करू देऊ नका. तारा वरच्या खाचांत अडकून कुर्रकन वाजत असतील, तर खाचेत शिसपेन्सिल घासा. हसू नका, खरंच उपयोग होतो. बटणं फिरवताना खरखर येत असेल, तर विजेच्या सामानाच्या दुकानात कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मिळतो.

काळ्या-तपकिरी लाकडाला ‘लेमन ऑइल’ लावा असं सांगतात. तो लिंबाचा रस नव्हे बरं का! खोबरेल तेलही नको. पावसाळ्यात गिटार स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकवू नका, दमटपणानं लाकूड फुगतं.

आता घूं घूं. तारांना हात लावल्यावर आवाज कमी होत असेल, तर भिण्याचं कारण नाही. आतल्या खोबणीला तांब्याची चिकटपट्टी लावून ती अर्थिंगला जोडली की पुष्कळ फरक पडतो. पण हात लावल्यावर आवाज वाढत असेल किंवा तारांना झिणझिण्या येत असतील, तर वाजवणं त्या क्षणी बंद. आधी इलेक्ट्रिशियनला बोलवून अ‍ॅम्प्लिफायर आणि घरातलं अर्थिंग तपासून घ्या. कित्येक घरांत तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन मोडून तो दोन भोकांत खुपसलेला असतो. गिटारीच्या लोखंडी तारा हातात धरून हा खेळ करू नये. इथे मात्र काटकसर नको.

पिकअप बदलणं सर्वांत शेवटी, तेही मुलगा वर्षभर रोज वाजवत राहिला तर.

तारा बदलायला नवशिक्याला तासभर लागतो. बटाटा भाजायलाही तेवढाच. तेव्हा शनिवारी दोन्ही कामं बरोबरच काढा.

बटाटा जुना, पिठूळ घ्या. नवा बटाटा चिकट होतो. ओळखायचा कसा? एक वाटी मीठ अकरा वाट्या पाण्यात विरघळवून त्यात टाका. पिठूळ बुडतो, चिकट तरंगतो. हिरवट किंवा कडू बटाटा सरळ टाकून द्या. फ्रिजमधला नको, गोड लागतो आणि करपतो. धुऊन, अगदी कोरडा पुसून काट्यानं टोचे मारा. तेल-मीठ चोळून २०० अंशांवर जाळीवर तासभर ठेवा. दीडशे-दोनशे ग्रॅमच्या बटाट्याचं हे माप आहे. चांदीच्या कागदात गुंडाळायची फॅशन मला मान्य नाही. आतल्या आत वाफ धरते आणि बटाटा शेवटी उकडलेलाच होतो. शिवाय तसा गुंडाळलेला रात्रभर बाहेर राहिला तर विषबाधेची भीती.

ओव्हन नसेल तर जाड लोखंडी कढईत दोन बोटं जाड मीठ पसरा, त्यावर बटाटे, घट्ट झाकण आणि मंद आच. पाऊण ते एक तास. मधे एकदा उलटा. तेच मीठ पुढच्या वेळी भाजायला चालतं. रायगडाकडच्या माहेरवाशिणींना थंडीतल्या पोपटीच्या मडक्यातला बटाटा आठवेल. भांबुर्ड्याचा तो वास कढईत येणार नाही, पण साल तशीच खमंग होते.

बाहेर काढल्याबरोबर चीर देऊन वाफ जाऊ द्या, नाहीतर आत गिच्च होतो. वर लोणी, मिरपूड आणि सुक्या खोबऱ्याची लसूण चटणी. कुणाचा उपास असेल तर साजूक तूप, जिरं, मिरची आणि दाण्याचं कूट.

आणि खाऊन झाल्यावर पोरांना साबणानं हात धुवायला लावा. लोण्याच्या हातांनी धरल्या, तर नव्या तारा चार दिवसांत मंद वाजायला लागतात.