खऱ्या चांदीचं खोटं नाणं

‘चुंबक लावा, वजन करा, खरं-खोटं कळेल’ असं शिकवणाऱ्या रील्सनी संग्राहकांपेक्षा ठगांचंच भलं केलंय. चुंबकाला लोखंडी नक्कल सापडते, खाडाखोड केलेलं खरं नाणं नाही.

सहाव्या जॉर्जचा 1938 चा रुपया घ्या. वजन 11.66 ग्रॅम, चांदी जवळपास 92 टक्के. 1939 चा रुपयाही तसाच, पण दुर्मीळ. मग कोरणीने 8 चा 9 केला की झालं! वजन बरोबर, चांदी बरोबर, साल तेवढं खोटं.

दुसरी चलाखी आपल्या भागाला जवळची. चंद्रपूर-गडचिरोलीत गोंड-माडिया घरांतल्या जुन्या बायकांच्या गळ्यात राणीछाप रुपयांच्या माळा दिसतात. त्यातल्या रुपयाची डाग दिलेली कडी काढायची, जागा घासायची आणि ‘1862, अतिदुर्मीळ’ म्हणून लिलावात चढवायचा. अहो, 1862 हेच साल पुढे 1874 पर्यंत रुपयांवर उमटत होतं! दुर्मीळ कसलं?

म्हणून बोलीआधी दोन फोटो मागा: सालाचा जवळून आणि कडेचा चहूबाजूंनी. आकड्याभोवती खरवड किंवा कडेच्या रेघांत एकाच जागी गुळगुळीत पट्टा दिसला, तर सोडून द्या. फोटो नाकारले तरी सोडा.

‘ग्राहकाने खात्री करावी’ एवढं लिहून हात झटकणाऱ्या साइटांना मात्र सोडू नका. प्रत्येक विक्रीवर दलाली घेता, तर हे दोन फोटो सक्तीचे करा. कडीसकट विकलेला माळेतला रुपया खराच असतो. कडी लपवली की तीच फसवणूक, आणि दलालीत तुमचाही वाटा.