पट, प्लॉट आणि प्रभाग

कापसाच्या कोणत्याही कोरडवाहू गावात जा. जिल्हा परिषदेची चार खोल्यांची शाळा, आवारात कडुनिंब आणि हजेरीपटावर चौदा नावे. पहिली ते चौथी एकाच खोलीत बसते. गुरुजी एकच, दुसरी जागा रिकामी आहे. मग एसटीत बसून जिल्ह्याच्या शहराच्या कडेला उतरा. जिथे पूर्वी ज्वारी उभी राहायची तिथे आता प्लॉट पडले आहेत. तिथल्या शाळेत एका बाकावर चार पोरे दाटीवाटीने बसतात. सकाळची पाळी सुटायच्या आत दुपारची पाळी दारात उभी असते. गावाकडे खोल्या आहेत, पोरे नाहीत. शहराच्या कडेला पोरे आहेत, खोल्या नाहीत.

ही दोन्हीकडची पोरे एकाच घरची आहेत, हे मात्र कोणी बोलत नाही. थोरला भाऊ गावात पऱ्हाटी सांभाळतो. धाकटा शहराच्या कडेला पत्र्याची खोली करून रोजंदारीला जातो. कापसाने दोन्ही भावांचे भागले असते, तर धाकटा हौसेने गेला नसता. म्हणून ‘शहरे फार वाढली’ असे म्हणून हात झटकता येणार नाहीत. शहराची कड ज्या माणसांनी वाढली, ती आपल्याच बांधावरून उठून गेली आहेत.

ही कड वाढते कशी ते नीट पाहू. औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची महापालिका १९८२ साली झाली, तेव्हा आसपासची १८ खेडी तिच्यात घेतली. २०१५ साली सातारा आणि देवळाई ही गावे आत गेली. पुण्यात २०१७ साली ११ गावे आणि २०२१ साली आणखी २३ गावे महापालिकेत आली. क्रम सगळीकडे तोच असतो. आधी गुंठ्यागुंठ्याने जमीन विकली जाते, मग घरे होतात आणि सगळ्यांत शेवटी हद्द वाढते. पाणी, रस्ता, शाळा या गोष्टी त्याच्याही नंतर येतात. गुंठेवारी नियमित करण्यासाठी राज्याने २००१ साली कायदा केला आणि २०२१ साली त्याची मुदत वाढवून २०२० अखेरपर्यंतची गुंठेवारी त्यात घेतली. घरे नियमित झाली. पण ज्या वस्तीत एकही मोकळा तुकडा सोडलेला नाही, तिथे शाळा कुठे बांधणार?

यात आपलाही हात आहे, हे कबूल केले पाहिजे. गुंठा विकताना आपण भाव पाहिला, नकाशा पाहिला नाही. कर्जात बुडालेल्या माणसाला नकाशा दिसत नाही, हे खरे. पण आज त्याच वस्तीत आपली पुतणी दोन पाळ्यांच्या शाळेत बसते आहे.

विकास आराखड्याची तऱ्हा आणखी निराळी. आराखडा करणाऱ्याला शाळेसाठी जागा दाखवावी लागते. ज्याने जमिनीवर बांधकाम केले त्याच्यावर शिक्का मारता येत नाही. म्हणून शिक्का पडतो तो अजून नांगर धरून असलेल्या शेतकऱ्याच्या तुकड्यावर. सातबाऱ्यावर नाव त्याचे आणि नकाशावर ‘प्राथमिक शाळा’. त्याला तो तुकडा बाजारभावाने विकता येत नाही आणि महापालिका पैसे देऊन घेत नाही. १९६६ च्या नगररचना कायद्याचे कलम १२७ असे सांगते की दहा वर्षांत जागा घेतली नाही तर मालकाने नोटीस द्यावी, आणि नोटिशीनंतर २४ महिन्यांतही संपादनाचे पाऊल पडले नाही तर आरक्षण उठते. म्हणजे पहिलीत जाणारे पोर कॉलेजला पोहोचेपर्यंत शाळाही नाही आणि शेतकऱ्याला दामही नाही. पैशाऐवजी टीडीआरचा कागद पुढे केला जातो. तो कुठे आणि कोणत्या भावाने खपतो हे बिल्डरला ठाऊक असते, शेतकऱ्याला नसते. शाळेच्या जागेसाठी पालक आणि जमीनमालक यांची भांडणे लावून देणारे लोक असतात. खरे तर दोघांचे म्हणणे एकच आहे : जागेचे रोख दाम द्या, जागा घ्या आणि शाळा बांधा.

आता गावाकडचे पाहू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत मुले असली तरी दोन शिक्षक हवेत. चौदा पोरे असली तरी दोनच. पण राज्यात हिशेब उलट दिशेने चालला आहे. २०२२ साली २० पेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती मागवली गेली. २०२३ साली अशा शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याची कल्पना पुढे आली. गाडी येईल, मोठी शाळा मिळेल, असे सांगितले जाते. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की गाडी येत नाही, हे सांगायला कोणी तज्ज्ञ लागत नाही. आणि शाळा लांब गेली की घरात पहिली शाळा सुटते ती मुलीची, हे मायबहिणींना विचारा.

जे शाळेच्या पटाचे, तेच मतदारयादीचे. माणसे जिकडे जातात तिकडे मतदारसंघ जातात. २००८ साली लागू झालेल्या पुनर्रचनेत विधानसभेच्या एकूण जागा २८८च राहिल्या. पण तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या जागा १३ वरून २४ झाल्या आणि विदर्भाच्या ६६ वरून ६२ वर आल्या. त्यात कोणी चोरी केली नव्हती. माणसे मोजली आणि त्याप्रमाणे रेषा ओढल्या. जिल्हा परिषदेतही असेच घडते. गाव महापालिकेत किंवा नगरपंचायतीत गेले की ते गटातून निघते. उरलेली गावे इकडेतिकडे जोडली जातात. ज्या गावाचा बाजार एका दिशेला आहे, त्याचा सदस्य दुसऱ्याच दिशेला बसतो.

शहराच्या कडेच्या माणसाचीही यात फसवणूकच आहे. २०२५ साली राज्यात गट, गण आणि प्रभाग पाडले गेले ते २०११ च्या जनगणनेवर. चौदा वर्षांत जिथे माळरानाची वस्ती झाली, तिथला माणूस कागदावर अजून जन्मलाच नाही. त्याच्या वाट्याचा नगरसेवक कमी आणि त्याच्या पोरांच्या वाट्याचा वर्गही कमी. त्याआधी पुष्कळ जिल्हा परिषदा आणि महापालिका २०२२ पासून प्रशासकांच्या हाती होत्या. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घ्या म्हणून सांगावे लागले. मधल्या काळात शाळेच्या गळक्या छपरासाठी भांडायला माणूसच नव्हता.

काही मित्र म्हणतात, शेतकऱ्यांच्या भागाला लोकसंख्येपेक्षा जास्त जागा द्याव्यात. आम्हाला हे पटत नाही. एका माणसाला एकच मत, हे तत्त्व आपण सोडले तर उद्या जो जास्त कर भरतो तो चार मते मागेल. आपली मागणी जास्त मोजण्याची नाही. खरे मोजा, वेळेवर मोजा, आणि रेषा ओढताना आम्हाला विचारा, एवढीच आहे. आणि माणसे गावात राहावीत असे वाटत असेल, तर त्याला रेषेचा नाही, शेतमालाच्या भावाचा उपाय आहे. ज्या गावात कापूस परवडतो त्या गावातला पट आपोआप टिकतो.

जिल्ह्याच्या बैठकीला येताना गावागावातून एवढी कामे करून या.

एक. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक घ्या. कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात. शाळेचा पट, शिक्षकांच्या मंजूर जागा आणि भरलेल्या जागा एका कागदावर लिहून आणा. शाळा दुसरीकडे जोडण्याचा घाट असेल तर ग्रामसभेचा ठराव जोडा.

दोन. शहराजवळच्या गावांनी हद्दवाढीच्या आणि आराखड्याच्या प्रारूप अधिसूचनांवर नजर ठेवा. हरकतीची मुदत असते. ती गेल्यावर मोर्चा काढून उपयोग नाही. कोणाच्या सातबाऱ्यावर शाळेचे आरक्षण किती वर्षे पडून आहे, त्याची यादी करा.

तीन. पुढल्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ जाहीर झाली आहे. २०११ साली मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीला झाली होती. त्या दिवसांत आपली किती घरे ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर असतात हे तुम्हाला माहीत आहे. त्या सबंध काळात जो गावात नसतो, तो जिथे सापडतो तिथे मोजला जातो. घराला कुलूप दिसले की गावाचा आकडा उतरतो. त्या आकड्यावर पुढची कित्येक वर्षे गट पडतील. कोणती कुटुंबे कधी परततात, याची नोंद आतापासून गावाजवळ असू द्या.

शेताचा बांध एक हात सरकला तर आपण भाऊबंदकीत तीन पिढ्या कोर्टात घालवतो. शाळेची, गावाची आणि मताची हद्द मैलोगणती सरकते, तेव्हा मोजणीच्या वेळी आपला एकही माणूस हजर नसतो. यापुढे हजर राहायचे आहे.