फुटबॉल ‘आमगेलो’ नव्हे काय?

यंदाच्या उत्सवात आरतीच्या वेळी एका मुलास अंगातला विलायती फुटबॉल-संघाचा सदरा बदलून येण्यास सांगण्यात आले. देवळात शुचिर्भूत वेषाने यावे, एवढाच हेतू असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. परंतु ‘हा खेळ पाद्र्यांचा; आपल्या मुलांना त्याचे वेड कशाला?’ असेही उद्गार निघाले. त्यांचा परामर्श घेणे प्राप्त आहे.

गोव्यात हा खेळ १८८३ साली शिवोली येथे फादर विल्यम लायन्स यांनी आणला, असे सांगतात. आणला त्यांनी, पण पोसला कोणी? १९५६ पासून वास्कोत संघ चालविणारे साळगावकर आणि ज्यांच्या संघाने राष्ट्रीय लीगचे विजेतेपद पाच वेळा गोव्यात आणले ते धेंपे, ही हिंदू घराणीच ना? भारताचे कर्णधारपद भूषविणारे, १९९७ सालच्या अर्जुन पुरस्काराचे मानकरी गोलरक्षक ब्रह्मानंद संखवाळकर हे कोणाचे?

बडोद्यात राहणाऱ्यांनी तरी खेळाचा धर्म विचारू नये. १९४७ साली रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध ५७७ धावांची भागीदारी झाली. विजय हजारे ख्रिस्ती, गुल महंमद मुसलमान. तो विक्रम सांगताना कोणा बडोदेकर हिंदूची छाती फुगत नाही?

मात्र तरुणांनाही आमचे दोन शब्द ऐकावे लागतील. लंडनचा संघ हरला की तुम्ही जेवणाच्या पानावरून उठता. २०१६ साली भारतीय फुटबॉलच्या नियोजित नव्या रचनेशी न पटल्यामुळे धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे गोव्याचे तीन संघ आय-लीगमधून बाहेर पडले, तेव्हा कितीजणांच्या घशाखाली घास अडला? २०२४ साली धेंपो पुन्हा त्या लीगमध्ये चढला, हे तरी कितीजणांना ठाऊक आहे? दूरच्या देवाची भक्ती अवश्य करावी. पण कुलदेवतेपुढचा दिवा विझू देऊन ती करावी काय?

यास्तव आमची विश्वस्त मंडळींना सूचना आहे. पुढील उत्सवात भजनस्पर्धेबरोबर मुलांचा एक फुटबॉल सामनाही ठेवावा, आणि वडीलधाऱ्यांनी तो शेवटपर्यंत बसून पाहावा. आपले माणूस काठावर उभे राहून पाहते आहे, हे कळल्यावाचून कोणताही खेळ आपला होत नाही. त्या दिवशी त्या मुलाला सदरा बदलण्यास कोणी सांगावे लागणार नाही. आपल्या संघाचा सदरा तो आपण होऊन अंगात घालील.