सेल्फ गेला, की बॅटरी रुसली?

गाडीत भाजी भरून झाली आहे, दोऱ्या आवळल्या आहेत, पहाटेचा बाजार गाठायचा आहे. आणि चावी फिरवली तर नुसते ‘खट्’! ज्या घराची चूल जुन्या पिकअपच्या भरवशावर पेटते, तिथे या आवाजाने सगळ्यांचीच झोप उडते. शेजारीपाजारी जमतात, धक्का मारतात आणि कोणीतरी निकाल देऊन मोकळा होतो, ‘सेल्फ गेला!’

हा निकाल दर वेळी खरा असतोच असे नाही. बऱ्याचदा दोष असतो बॅटरीचा, सैल झालेल्या टर्मिनलचा किंवा गंजलेल्या अर्थिंगचा. आणि पैसे मात्र खर्च होतात नव्या सेल्फवर. तेव्हा गॅरेज गाठण्याआधी दहा मिनिटे गाडीलाच चार प्रश्न विचारावेत.

सेल्फ म्हणजे काय?

पूर्वी गाडी सुरू करायला पुढून हँडल मारावे लागे. हँडल उलटे फिरले तर मनगट मोडण्याची भीती. १९१२ साली अमेरिकेतील कॅडिलॅक गाड्यांना चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा स्टार्टर बसवला गेला आणि ही कसरत हळूहळू मागे पडली.

आपण ज्याला सेल्फ म्हणतो ती एक छोटी पण ताकदवान मोटर असते. चावी फिरवली की तिच्या पाठीवरचा सोलेनॉइड दोन कामे करतो. मोटरचे छोटे दातेरी चाक, म्हणजे बेंडिक्स, पुढे ढकलून फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकवतो आणि बॅटरीचा मोठा प्रवाह मोटरला जोडून देतो. डिझेल इंजिनात हवा पेट्रोल इंजिनापेक्षा खूपच जास्त दाबली जाते. म्हणून टाटा २०७ किंवा महिंद्राच्या जुन्या पिकअपचा सेल्फ काही क्षण शेकडो अँपिअर प्रवाह ओढतो. एवढा प्रवाह वाहायचा तर वाटेतला प्रत्येक जोड घट्ट आणि स्वच्छ हवा.

आधी दिव्यांना विचारा

गाडी न्यूट्रलमध्ये घ्या, हँडब्रेक ओढा. हेडलाइट लावा. एकाने चावी फिरवावी, दुसऱ्याने समोर उभे न राहता बाजूने दिव्यांकडे पाहावे. घरातले कोणीही मोठे माणूस हे काम करू शकते.

दिवे एकदम मंदावले किंवा विझले, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. बॅटरी पूर्ण चार्ज असूनही असेच होत असेल, तर सेल्फ आतून जाम झालेला असू शकतो.

दिवे लख्ख राहिले आणि सेल्फ हलला नाही, तर प्रवाह मोटरपर्यंत पोचतच नाही. चावीचा स्विच, सोलेनॉइड किंवा सेल्फमधले झिजलेले कार्बन यांपैकी कोणीतरी दोषी आहे.

मग आवाज ओळखा

• भराभर ‘टक-टक-टक’: बहुधा बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल सैल.

• एकच ठसठशीत ‘खट्’: सोलेनॉइडचे आतले संपर्क जळालेले किंवा कार्बन संपलेले.

• सेल्फ ‘घुंऽऽ’ फिरतो, इंजिन जागचे हलत नाही: बेंडिक्स घसरतो आहे.

• ‘कर्रर्र’ असा दातावर दात घासल्याचा आवाज: बेंडिक्सचे किंवा फ्लायव्हीलच्या रिंगचे दाते खराब.

• गाडी थंड असताना ठीक, पण फेरीनंतर इंजिन तापले की सेल्फ जड: आतले बुश झिजून आर्मेचर घासत असल्याची शक्यता.

• इंजिन झपाझप फिरते पण पेटत नाही: सेल्फला दोष देऊ नका. डिझेल, पाइपात शिरलेली हवा किंवा हीटर तपासा.

वायरींचा कारभार

मल्टिमीटर घरात असला तर फार उपयोगी पडतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर ती भरलेली आहे, १२.२ च्या आसपास असेल तर निम्मी रिकामी. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली घसरला, तर आधी बॅटरी चार्ज करून पाहा.

आता मीटरची एक टोचणी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला आणि दुसरी इंजिनाच्या कोऱ्या धातूला लावा. सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थिंगची पट्टी खराब आहे. पावसापाण्यात वावरलेल्या जुन्या पिकअपमध्ये हा दोष हमखास सापडतो. पट्टी सोडवून, गंज घासून पुन्हा घट्ट आवळली की ‘मेलेला’ सेल्फ जिवंत होतो!

मीटर नसेल तर सेल्फ चार-पाच वेळा मारा आणि चावी बंद करून टर्मिनलांना जपून हात लावा. एखादे टर्मिनल तापले असेल तर जोड तिथेच कच्चा आहे.

ठोकून चालू झाला तर

एकाने चावी धरायची आणि दुसऱ्याने सेल्फच्या अंगावर लाकडी दांड्याने हलके ठोकायचे, ही जुनी युक्ती अनेकांना ठाऊक असते. त्याने सेल्फ फिरला तर समजा, कार्बन संपत आले आहेत. ही सुटका फक्त घरी परतण्यापुरती असते. उद्या तो पुन्हा अडेल, आणि कदाचित आडरानात.

एवढे मात्र करू नका

सेल्फ सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा. स्क्रू ड्रायव्हर टेकवून सेल्फ फिरवणे तर नकोच. गाडी गियरमध्ये असली तर ती तुमच्याच अंगावर येते. सेल्फची मोठी वायर चावी बंद असतानाही जिवंत असते, म्हणून त्याला हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.

सेल्फ दुरुस्त होईपर्यंत रोज गाडी उतारावर लावायची सवय अनेक घरांत लागते. तीही घातक आहे. इंजिन बंद असताना ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम टिकत नाही, पेडल दगडासारखे होते. त्यात गाडीत माल आणि उताराखाली खेळणारी मुले! दुरुस्तीचे वाचवलेले पैसे इतके मोलाचे नसतात.

मेकॅनिककडे जाताना

‘सेल्फ बदला’ म्हणू नका. दिवे काय म्हणाले, आवाज कसा आला, ते सांगा. सेल्फ उतरवल्यावर तो बॅटरीवर जोडून तुमच्यासमोर फिरवून दाखवायला सांगा. कार्बन, बुश किंवा सोलेनॉइड एवढ्यावर भागत असेल तर नवा सेल्फ घ्यायची गरज नाही. आर्मेचर जळाले असेल तर मात्र रिवाइंडिंग आणि नवा सेल्फ, दोन्हींचे भाव विचारूनच ठरवा. बदललेले जुने भाग मागून घ्यायला संकोच करू नका. ते तुमचेच आहेत, आणि झिजलेला कार्बन एकदा हातात घेऊन पाहिला की पुढच्या वेळी ‘खट्’चा अर्थ तुम्हालाच कळेल.