सांभाळणाऱ्यांना कोण सांभाळणार?

रत्नागिरीहून भाट्याची खाडी ओलांडून दक्षिणेकडे सुमारे वीस किलोमीटर गेले म्हणजे पावस लागते. स्वामी स्वरूपानंदांच्या समाधिमंदिरामुळे हे गाव महाराष्ट्रभर ठाऊक झाले आहे आणि मनःशांतीच्या ओढीने येथे येणाऱ्यांची रीघ बारमाही चालू असते. परंतु ज्यांना या शांतीची सर्वांत अधिक निकड आहे, असा एक वर्ग या दर्शनाच्या रांगेत अभावानेच आढळेल. त्याला घर सोडून चार तासदेखील बाहेर पडता येत नाही, हे त्याचे साधे कारण आहे. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता किंवा मेंदूचा पक्षाघात असलेल्या मुलामुलींना, आणि ती वयाने मोठी झाल्यावरही, अहोरात्र सांभाळणाऱ्या आईवडिलांचा, आजीआजोबांचा व भावंडांचा, तसेच विशेष शाळांतील शिक्षक आणि मदतनिसांचा हा वर्ग होय.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली आणि त्यांपैकी सुमारे १५ लाख व्यक्ती बौद्धिक अक्षमता असलेल्या होत्या. या प्रत्येक नोंदीमागे किमान एक माणूस असा असतो की, ज्याचा दिवस दुसऱ्याच्या दिवसाला बांधलेला आहे. त्या माणसाची मोजणी मात्र कोणत्याही रकान्यात होत नाही. कोकणात तर ही अडचण अधिकच तीव्र आहे. कर्ती मंडळी मुंबईला, घरे वाडीवाडीत विखुरलेली, पावसाळ्यात वाटा अवघड, आणि घरी उरलेली साठीपासष्टीची आई तिशीतल्या अंगापिंडाने भरलेल्या मुलाला आंघोळ घालते, भरवते, औषधे देते आणि तो चिडला तर त्याचे फटकेही सोसते. ‘माझ्यामागे याचे कसे होणार?’ हा प्रश्न तिने कोणाला विचारला नाही, तरी तो तिच्या उशाशी असतोच.

महाराष्ट्राने या क्षेत्रात काही केले नाही, असे मात्र कोणास म्हणता येणार नाही. मुंबईत १९४४ साली जय वकील शाळा निघाली, पुण्यात १९६४ साली कामायनी सुरू झाली. बदलापूरची ‘आधार’ ही संस्था तर पालकांनीच, आपल्यामागे प्रौढ मुलांचे काय, या चिंतेतून उभी केली. खुद्द रत्नागिरीत आविष्कार संस्थेची सविता कामत विद्यामंदिर ही शाळा आणि प्रौढांसाठी शामराव भिडे कार्यशाळा निष्ठेने काम करीत आहेत. कायद्यांचीही उणीव नाही. १९९५ चा अपंग व्यक्तींविषयीचा कायदा, १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आणि एकवीस प्रकारच्या अपंगत्वांची दखल घेणारा २०१६ चा हक्क कायदा अशी ही चढती वाट आहे. तथापि या साऱ्या व्यवस्थेत सांभाळणारा माणूस हा केवळ एक साधन म्हणून येतो. मुलाला काय शिकवावे, हे त्याला सांगितले जाते. त्याने स्वतः कसे तग धरावे, हे त्याला कोणी सांगत नाही.

या उपेक्षेचा परिणाम अखेर मुलावरच होतो. ज्याला आपली भूक, वेदना किंवा भीती शब्दांत सांगता येत नाही, तो ती ओरडून, वस्तू फेकून, प्रसंगी स्वतःचाच हात चावून सांगतो. थकलेल्या माणसाला हे हट्टीपणाचे वाटते. तो आवाज चढवतो, हात धरतो, दार लावून घेतो. मूल अधिकच बिथरते. दोघांचा संताप एकमेकांस खतपाणी घालीत राहतो. यात मायेचा अभाव कोठेच नाही. मन सावरण्यासाठी जो एक क्षण लागतो, तो क्षण हाताशी नसतो, इतकेच.

हा क्षण शिकवून मिळवता येतो काय, याचा शोध गेल्या दोन दशकांत काही अभ्यासकांनी चिकाटीने घेतला. अमेरिकेत काम करणारे निर्भय सिंग आणि त्यांचे सहकारी यांची नावे त्यांत अग्रभागी येतात. त्यांनी ज्याला सजगतेचे शिक्षण म्हटले, त्याचे मूळ आपल्याच भूमीतील बौद्ध साधनेत आहे. जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात रुग्णांसाठी तिला निधर्मी रूप दिले आणि तेथून ती पाश्चात्त्य वैद्यकात रुजली. सिंग यांनी ती अपंगांच्या सेवेत आणली. २००४ साली त्यांनी दाखवून दिले की, सेवकांना हे शिक्षण दिल्यावर अतितीव्र अपंगत्व असलेल्या व्यक्ती अधिक आनंदी दिसू लागल्या. २००६ साली स्वमग्न मुलांच्या तीन मातांना बारा आठवड्यांचे शिक्षण दिले, तेव्हा मुलांचे मारणे, न ऐकणे आणि स्वतःला इजा करून घेणे कमी झाले. मुलांना वेगळे असे काहीच शिकवले नव्हते. बदल आयांमध्ये झाला होता. २००९ सालच्या अभ्यासात निवासी संस्थांतील सेवकांना तेथील व्यक्तींना बळाने धरून ठेवण्याची वेळ पूर्वीपेक्षा कमी येऊ लागल्याचे आढळले. आरंभीचे हे अभ्यास लहान होते हे खरे, परंतु पुढे मोठ्या संख्येने सेवकांवर केलेल्या प्रयोगांतही ताण, दुखापती आणि नोकरी सोडून जाणे यांत घट दिसून आली.

या शिक्षणात गूढ असे काही नाही. त्यातील एक प्रकार तर अगदी साधा आहे. राग उसळला की जागीच स्थिर व्हावे, श्वास आपल्या गतीने चालू द्यावा, आणि मनाला रागाच्या कारणावरून अलगद काढून दोन्ही तळपायांवर आणावे. बोटे हलवावीत, टाच जमिनीला टेकली आहे हे जाणवू द्यावे, जमीन गार आहे की उबदार, चप्पल कोठे रुतते, हे नुसते पाहावे. मन निवेपर्यंत तेथेच थांबावे आणि मगच उत्तर द्यावे. राग दाबायचा नाही, त्याच्याशी झगडायचेही नाही. याच्याच जोडीला, मूल असे का वागते, त्या वागण्यातून त्याला काय मिळवायचे किंवा काय टाळायचे आहे, हे शोधण्याची रीत शिकवली जाते. मन शांत असेल तरच ही दुसरी गोष्ट साधते. म्हणून दोन्हींचे शिक्षण एकत्र देण्यावर या अभ्यासकांचा भर आहे.

ही भाषा पावसला परकी वाटण्याचे कारण नाही. स्वामी स्वरूपानंदांनी सांगितलेली सोऽहं साधना श्वासाच्याच आधाराने चालते, आणि तिच्यासाठी घरदार सोडावे लागत नाही. परंतु पावसच्या कथेची एक दुसरी बाजूही ध्यानात घेण्यासारखी आहे. १९०३ साली जन्मलेले आणि स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगलेले स्वामीजी १९३४ साली गंभीर आजारी पडले. त्यानंतर १९७४ साली देह ठेवीपर्यंत सुमारे चाळीस वर्षे ते पावसच्या देसाई कुटुंबाच्या घरात राहिले. नाजूक प्रकृतीच्या एका माणसाची उठबस, पथ्यपाणी, येणाऱ्याजाणाऱ्यांचे आदरातिथ्य, हे सारे त्या घराने चार दशके केले. ज्या शांतीच्या शोधात आज हजारो लोक येतात, तिला त्या घराच्या सेवेचाही टेकू होता. सांभाळणे हे साधनेच्या तोडीचे कर्म आहे, असे म्हणावयाचे असेल, तर दाखला शोधायला दूर जायला नको.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे आणि तो गंभीर आहे. मदतीला माणूस नाही, वाहन नाही, पैसा नाही, आणि त्या आईला आम्ही श्वासाकडे पाहायला सांगणार काय? सजगतेच्या नावाखाली शासनाची जबाबदारी तिच्याच खांद्यावर टाकण्याचा हा सभ्य मार्ग नव्हे काय? असे होण्याचा धोका निश्चितच आहे. शिक्षण देऊन मोकळे होणे हे भत्ता देण्यापेक्षा स्वस्त असते. अधिक आधाराची गरज असलेल्या अपंगांसाठी सेवक-भत्त्याची तरतूद २०१६ च्या कायद्याच्या कलम २४ मध्येच आहे. ती कागदावरून घरापर्यंत पोहोचावी यासाठी आग्रह धरलाच पाहिजे. ध्यान हा भत्त्याला पर्याय असू शकत नाही. त्याचप्रमाणे भत्ता मिळाला म्हणून रात्री दोन वाजता किंचाळत उठलेल्या मुलासमोर मन आपोआप स्थिर राहील, असेही नाही. दोन्ही गोष्टी हव्यात, आणि एकीचे निमित्त करून दुसरी टाळता कामा नये.

मग प्रत्यक्षात काय करता येईल? पहिली गोष्ट अशी की, विशेष शाळांतील शिक्षक व मदतनिसांना हे शिक्षण त्यांच्या कामाच्या वेळेत, पगारी दिवस धरून मिळावे. दुसरी, पालकांसाठी वर्ग भरवताना त्याच जागी त्यांच्या मुलांना सांभाळण्याची सोय असावी, अन्यथा ज्यांच्यासाठी वर्ग आहे तेच येऊ शकणार नाहीत. निर्भय सिंग यांच्या पद्धतीत सात दिवसांचे शिक्षण सलग न देता मध्ये सरावासाठी काही आठवडे सोडलेले असतात. आपल्याकडच्या खेड्यांतील आयांना तर याहूनही लहान तुकडे करून, गावातच, मराठीत आणि पुस्तकी शब्द टाळून ते द्यावे लागेल. तिसरी, ते कोणत्याही पंथाच्या दीक्षेशी जोडलेले नसावे. मुसलमान, ख्रिस्ती आणि बौद्ध आयाही याच जिल्ह्यात आहेत, आणि त्यांना आपलेपणाने बसता यावे. पावससारख्या गावात भाविकांसाठी निवासाची व भोजनाची व्यवस्था रुळलेली आहे. वर्षातून दोनदा तरी अशी शिबिरे येथे भरावीत, यासाठी जिल्हा परिषद, विशेष शाळा आणि गावकरी यांनी एकत्र बसून विचार करावा.

राहिला प्रश्न आपणा सर्वांचा. हा मजकूर वाचणाऱ्यांत शिक्षक आहेत, कारकून आहेत, विद्यार्थी आहेत. विशेष शाळेत नसलेल्या शिक्षकांच्या वर्गातही आता अशी मुले येऊ लागली आहेत, आणि हाच क्षणभराचा संयम त्यांनाही लागणार आहे. अपंगत्वाचे प्रमाणपत्र किंवा पालकत्वाचा दाखला यांच्या कागदांसाठी मुलाला सांभाळत खिडकीपाशी उभ्या असलेल्या बाईला ‘उद्या या’ म्हणण्यापूर्वी, तिचा उद्या कसा उगवतो, याचा विचार कारकुनाने करावा. राष्ट्रीय सेवा योजनेतील विद्यार्थ्यांनी दोन दिवसांचे प्राथमिक शिक्षण घेऊन आठवड्यातून दोन तास एखाद्या घरी जाऊन बसावे. त्या दोन तासांत ती आई झोपेल, बाजारात जाईल, कदाचित नुसतीच ओटीवर बसेल. मनाच्या शांतीचे कोणतेही शिक्षण अशा मोकळ्या दोन तासांतूनच सुरू होऊ शकते, आणि ते तास तिला मिळवून देणे आपल्या हातात आहे.